आमच्या लहानपणचा बदनाम खाऊ

माणसाने साठी ओलांडली, की दोन विषयांवर बोलण्याचा मोह त्याला आवरत नाही. एक स्वतःची प्रकृती, आणि दुसरा स्वतःच्या लहानपणचा खाऊ. प्रकृतीविषयी बोलणाऱ्यांचा कोठेच तुटवडा नाही; म्हणून मी आज दुसरा विषय घेतला आहे. त्यातही ज्या लाडू-करंज्यांचे सर्वांनीच कौतुक केले, त्यांविषयी मला काही सांगावयाचे नाही. ज्या खाऊचे नाव काढताच घरातील वडील माणसे डोळे वटारीत, ज्याला कोणी घाणेरडा, कोणी विषारी, तर कोणी मुलांना बिघडविणारा म्हणे, आणि बहुधा त्यामुळेच जो आम्हांस अधिक गोड लागे, अशा बदनाम खाऊविषयी मी बोलणार आहे.

हा खाऊ आठवून गहिवरणारी मंडळी हल्ली पुष्कळ भेटतात. "आम्ही सर्व काही खाल्ले, आम्हांला काय झाले?" हे त्यांचे पालुपद असते. हा प्रश्न ऐकावयास मोठा सडेतोड वाटतो. परंतु ज्यांना काही झाले नाही, तेच तो विचारावयास उरले आहेत, हे आपल्या ध्यानात येत नाही. ज्यांना काही झाले, ते असल्या बैठकीत येऊन बसत नाहीत. म्हणून आठवणीचा मान अवश्य ठेवावा, पण तिला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवू नये, असे मला वाटते. आज आपण त्या जुन्या खाऊला एकेक करून पुढे बोलावू, त्या काळी त्याच्यावर कोणते आरोप होते ते पाहू, आणि आज हाती असलेल्या माहितीवरून त्यांचा निवाडा करू.

माझे लहानपण चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे. गडचिरोली हा तेव्हा निराळा जिल्हा नव्हता. तो १९८२ साली झाला. एकीकडे गोंड राजांचा परकोट, कोळशाच्या खाणी आणि बल्लारपूरची कागदाची गिरणी, तर दुसरीकडे वैनगंगेपलीकडे पसरलेले अफाट जंगल, असा आमचा मुलूख. त्यामुळे आमच्या खाऊचीही दोन कुळे होती : एक बाजाराचे आणि दुसरे रानाचे. चैत्रात महाकालीची यात्रा भरे. मराठवाड्याकडून भाविकांच्या झुंडी येत आणि त्यांच्यामागोमाग दुकाने येत. रेवड्या, बत्तासे, गोडीशेव, साखरेचे पोपट यांच्या राशी लागत. एक फिरता विक्रेता खांद्यावर जाड बांबू घेऊन येई. बांबूच्या डोक्याला गुलाबी-पांढऱ्या साखरेचा चिवट गोळा गुंडाळलेला असे. पैसे दिले, की तो त्यातून एक तार ओढी आणि पाहता पाहता मुलाच्या मनगटावर साखरेचे घड्याळ बांधून देई. त्या घड्याळात किती वाजले आहेत हे पाहण्याइतका धीर आमच्यापैकी कोणालाच नसे.

त्याच चैत्रात रानाचा बाजारही भरलेला असे, पण त्याला दुकान नव्हते. टेंभुर्णीची पिवळी फळे, चारोळीची जांभळट फळे, आणि पहाटेच्या वेळी झाडाखाली पडलेला मोह. या खाऊला पैसे पडत नसत. आणि ज्याला पैसे पडत नाहीत, त्याची प्रतिष्ठा शहरात नेहमीच कमी असते.

आता पहिला आरोपी बोलावू या. हा आहे बर्फाचा गोळा, आणि त्याच्यासोबत त्याची बहीण, म्हणजे म्हातारीचे केस. आमच्याकडील बोलीत बुढीचे बाल. गोळेवाला रंध्यासारख्या पात्यावर बर्फ किसून, तो काडीभोवती मुठीने दाबून, त्यावर लाल, हिरवे, नारंगी पाणी ओती. गोळा खाऊन घरी आले, की जीभच साक्ष देई. मग आई म्हणे, "विष खाऊन आलास!" आम्हांला ते आईचे नेहमीचे अतिशयोक्तीचे बोलणे वाटे. परंतु रंगाच्या बाबतीत आईचे म्हणणे इतिहासाने खरे ठरविले आहे.

मिठाईच्या रंगाचा वाद फार जुना. फ्रेडरिक अक्युम नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२० साली लंडनमध्ये अन्नातील भेसळीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने सांगितले, की लहान मुलांच्या गोळ्या-वड्यांना शिशाच्या आणि तांब्याच्या विषारी क्षारांनी रंग दिला जातो. लोकांनी वाचले आणि पुन्हा गोळ्या खाल्ल्या. पुढे १८५८ मध्ये इंग्लंडातील ब्रॅडफर्ड गावी पेपरमिंटच्या वड्यांत, साखर वाचविण्यासाठी मिसळावयाच्या स्वस्त भुकटीऐवजी, चुकून सोमल पडला. सुमारे वीस माणसे दगावली आणि दोनशेच्या आसपास आजारी पडली. तेव्हा कोठे १८६० साली तेथे भेसळीविरुद्ध कायदा झाला. मिठाईच्या बाबतीत शहाणपण बहुधा अंत्ययात्रेच्या मागून येते, असा याचा अर्थ.

आपल्या देशात १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. आज त्याच्या जागी २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे. त्याखालील २०११ च्या नियमांनी खाद्यपदार्थांत घालण्यास मोजून आठ कृत्रिम रंगांना परवानगी दिली, आणि तीही ठरावीक पदार्थांत व बहुतेकांत दहा लाख भागांस शंभर भाग इतक्याच प्रमाणात. परंतु हातगाडीवरच्या रंगाचे माप कोण घेणार? कापडास व चामड्यास देण्याचा मेटॅनिल यलो हा पिवळा रंग स्वस्त व भडक म्हणून मिठाईत शिरला. रोडामाइन-बी हा गुलाबी रंगही मूळचा कापडाचा. ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी समजू नये. २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडू सरकारने म्हातारीच्या केसांवर बंदी घातली, ती त्यांत हाच रोडामाइन सापडला म्हणून. गोड गुलाबी ढगाच्या पोटात कापडाचा रंग निघाला! तेव्हा या आरोपात रंग दोषी. बिचाऱ्या साखरेच्या धाग्यांचा त्यात दोष नाही.

परंतु याच खटल्यात एक सहआरोपी निर्दोष सुटला, हेही सांगितले पाहिजे. गोळ्याच्या पाण्यात साखरेऐवजी सॅकरिन घालतात, त्याने भयंकर रोग होतात, असे आमच्या लहानपणी बोलले जाई. सॅकरिनचा शोध १८७९ सालचा. पुढे १९७७ मध्ये, उंदरांवरील प्रयोगांत मूत्राशयाचा कर्करोग आढळल्यामुळे, अमेरिकेत त्यावर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला, आणि त्याच्या पुड्यांवर धोक्याची सूचना छापली जाऊ लागली. मागाहून असे दिसून आले, की उंदरांत ज्या कारणाने ती गाठ होते, ते कारण मनुष्याच्या शरीरात घडत नाही. आणि २००० साली ती सूचना काढून टाकण्यात आली. म्हणजे ज्याची भीती घातली, ते तितकेसे वाईट नव्हते. गोळ्याचा खरा दोष होता त्याचा बर्फ. मासळी टिकविण्यासाठी, वाटेल त्या पाण्याचा केलेला बर्फच किसून मुलांना दिला जाई, आणि त्यातून हगवण व कावीळ यांना घरात वाट मिळे. अलीकडे, २०१८ पासून, महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फास निळा रंग देण्याचा दंडक झाला. जो रंग एके ठिकाणी शत्रू, तोच दुसऱ्या ठिकाणी पहारेकरी झाला, ही गंमत पाहण्यासारखी आहे.

आता दुसरा आरोपी. हा दिसावयास मोठा ऐटबाज. खडूएवढी पांढरी कांडी, टोकाला निखाऱ्यासारखा लाल ठिपका, आणि दहा कांड्या मावतील अशी चिमुकली डबी. ही गोड सिगारेट. साखर, थोडे पीठ आणि पेपरमिंटचा वास यांखेरीज तिच्यात काही नसे. पुढे ती फँटम या नावाने देशभर ओळखली जाऊ लागली. त्या वेळी वेताळाच्या चित्रकथा मुले अधाशासारखी वाचीत. त्या वीराचे नाव या डबीवर येणे, यात विकणाऱ्याची चतुराई होती. थंडीच्या सकाळी शाळेच्या वाटेवर ती कांडी ओठांत धरावयाची, दोन बोटांनी काढावयाची, आणि तोंडातून निघणारी वाफ आकाशाकडे सोडावयाची, हा आमचा खेळ असे. त्या वेळी प्रत्येक जण गिरणीतला फोरमन तरी होई, नाही तर जंगलखात्याचा साहेब तरी.

या खाऊवरून घराघरांत दोन तट पडत. एका तटाचे म्हणणे असे, की साखरेच्या कांडीस साखरेची कांडी समजावे. मुले लाकडी तलवारीने खेळली म्हणून खुनी होत नाहीत. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की हा खेळ म्हणजे व्यसनाची बाराखडी आहे. या वादात कोण बरोबर? अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्याने १९५३ साली गोड सिगारेट विकण्यावर बंदी घातली आणि १९६७ मध्ये ती उठविली. म्हणजे तेथेही लोकांचे मन द्विधाच होते. परंतु २००० साली तेथील संशोधकांनी सिगारेट कंपन्यांचीच जुनी अंतर्गत कागदपत्रे तपासली. मिठाईवाले आपली नावे व वेष्टने हुबेहूब उचलीत असतानाही कित्येक कंपन्यांनी त्याकडे काणाडोळा केला, असे त्यांतून दिसले. जो व्यापारी आपल्या छापासाठी एरवी कोर्टाची पायरी चढतो, तो येथेच इतका उदार का झाला, याचे उत्तर श्रोत्यांनीच द्यावे.

२००७ मध्ये आणखी एक पाहणी प्रसिद्ध झाली. सिगारेट ओढणाऱ्या व पूर्वी ओढलेल्या प्रौढांपैकी शेकडा ८८ जणांनी लहानपणी गोड सिगारेट खाल्ली होती. कधीच न ओढलेल्यांपैकी शेकडा ७८ जणांनी. आता यावरून गोड सिगारेट खाणारा प्रत्येक मुलगा धूम्रपान करणारच, असे कोणी म्हणू नये. न ओढणाऱ्यांनीही ती पुष्कळ खाल्ली होती, हे आकडेच सांगतात. एक गोष्ट दुसरीसोबत दिसली, म्हणून ती तिचे कारण ठरत नाही, हा गणिताच्या शिक्षकाचा सावधपणा मी येथे सोडत नाही. तथापि जगातील राष्ट्रांनी वाट पाहिली नाही. तंबाखूनियंत्रणाच्या जागतिक कराराच्या १६ व्या कलमात, तंबाखूच्या वस्तूंच्या आकाराची मिठाई व खेळणी बनवू व विकू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे; आणि भारताने त्या करारास २००४ साली मान्यता दिली.

आमच्या मुलखात तर या प्रश्नाला आणखी एक पदर होता. आम्ही रस्त्यावर गोड सिगारेट ओढीत असू, त्याच उन्हाळ्यात गडचिरोलीच्या रानात तेंदूपानांचा हंगाम चाले. पहाटे आईबापांबरोबर मुलेही निघत. सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधले जात आणि फळीवर मोजून दिले जात. त्या मोजणीवर कित्येक घरांचा पावसाळा निघे, आणि आजही निघतो. ज्या टेंभुर्णीचे फळ मुले आवडीने खातात, तिचेच पान विडीभोवती गुंडाळले जाते. झाड एकच; फळ मुलांचे आणि पान विडीचे. झाडाने निवड माणसावर सोडली आहे. म्हणूनच, फळ खाणाऱ्या वयात पानाचा रुबाब शिकविणारी मिठाई मला निरुपद्रवी वाटत नाही.

श्रोतेहो, येथवर मी जे आरोपी आणले, त्यांची नावे निदान पोलिसांच्या वहीत होती. आता ज्याचे नाव कोणीच लिहिले नाही, अशा एकाकडे वळतो. तो म्हणजे गोड सुपारी. जेवण झाले, की पानाचा डबा निघे. वडील मंडळी पान लावीत आणि भोवती जमलेल्या पोरांच्या तळहातावर चिमूटभर गोड, सुवासिक सुपारी ठेवीत. पुढे तीच रंगीत पुड्यांतून दुकानात टांगलेली दिसू लागली. गोळा खाल्ला तर मार मिळे. गोड सिगारेट खाल्ली तर उपदेश मिळे. सुपारी मात्र आजोबांच्या हातून मिळे. तिच्याविषयी कोठेच वाद नव्हता.

आणि आज शास्त्र काय सांगते? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की तंबाखू मुळीच नसली तरी सुपारी ही मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणारी आहे. कर्करोगाच्याही आधी तिचे एक निराळे काम चालू होते. गालांच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. शिक्षक या नात्याने मी अशी मुले पाहिली आहेत, की ज्यांना वर्गात उत्तर येत होते, पण तोंडात दोन बोटे जातील इतकेही तोंड उघडत नव्हते. त्यांच्या हातात एखाद्या दुष्टाने ती पुडी दिली नव्हती. घरातील मायेच्या हातांनीच तिची चव लावली होती.

विदर्भातील श्रोत्यांना खर्रा म्हणजे काय, हे सांगावयास नको. इतरांसाठी सांगतो. भरडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घेऊन, तो कागद लाकडावर घासघासून केलेले हे मिश्रण आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कामावरचा मजूर, मोटार हाकणारा, कचेरीतला कारकून, आणि खेदाने सांगावे लागते, पुष्कळ ठिकाणी गृहिणीदेखील तो तोंडात धरतात. आता विचार करा. ज्या मुलाच्या गालाला सुपारीची सवय सहाव्या वर्षी लागली, त्याला सोळाव्या वर्षी खर्रा नवा वाटेल काय? गोड सिगारेटने हाताला ऐट शिकविली. गोड सुपारीने तोंडाला तलफ शिकविली. यांत दुसरी शिकवण अधिक खोल गेली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखा व पानमसाला यांवर बंदी आली. पुढील आदेशांत सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी आणि खर्रा यांचीही नावे आली. गडचिरोलीत डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शासन व टाटा न्यास यांच्यासह २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम सुरू केला आणि दारूबरोबर तंबाखूलाही गावातून घालविण्याचे काम हाती घेतले. कायदा दुकानाच्या दारापर्यंत जातो. घरातल्या पानाच्या डब्यापर्यंत मात्र आपणांसच जावे लागेल.

आता शेवटचा आरोपी, आणि माझ्या मते सर्वांत अन्यायाने बदनाम झालेला. तो म्हणजे मोहाचा खाऊ.

ज्यांनी मोहाचे झाड पाहिले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फाल्गुन-चैत्रात हे झाड पाने टाकून देते आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून टपटप खाली पडू लागतात. फिकट पिवळी, मांसल, रसाने भरलेली ती फुले टोपल्यांतून वेचून अंगणात वाळत घालतात. वाळली, की ती मनुकांसारखी तांबूस व सुरकुतलेली होतात. त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखर असते. म्हणजे ऊस नाही, गुऱ्हाळ नाही, दुकान नाही, तरी रानातल्या घरात वर्षभराची गोडी साठते. ती फुले खापरावर भाजावयाची, भाजलेल्या तिळांबरोबर उखळात कुटावयाची आणि लाडू वळावयाचे. किंवा भिजवून, वाटून, पिठात मळून त्यांची पोळी करावयाची. पावसाळ्यात, घरातले धान्य सरत आले, की याच साठ्यावर कित्येक पिढ्या तगल्या आहेत. गोंड व माडिया समाजात हे झाड पूज्य आहे, ते काही उगीच नव्हे.

परंतु शहरात मोह म्हटले, की दारूच आठवते. आमच्या घरांतून मोहाच्या फुलाला शिवूसुद्धा देत नसत. पुढे मी गडचिरोलीकडे एका खेड्यातील शाळेत शिकवीत असताना एक गोष्ट पाहिली. मधल्या सुट्टीत सर्व मुले डबे उघडून बसत. एक गोंड मुलगा मात्र भिंतीकडे तोंड करून, खिशातून काही तरी चोरून काढून तोंडात टाकी. मी जवळ गेलो, तेव्हा त्याने मूठ घट्ट मिटली. मोठ्या मिनतवारीने ती उघडली, तर तीत भाजलेली मोहफुले. कोणी तरी त्याला "दारू खातोस" म्हणून हिणविले होते. त्या दिवशी मी वर्गाला फुलाचा धडा दिला. वाळलेल्या फुलात दारूचा थेंबही नसतो. ते पाण्यात घालून दिवसेंदिवस आंबवावे आणि मग भट्टीवर चढवावे, तेव्हा दारू होते. तशी ती द्राक्षांचीही होते. म्हणून मनुका कोणी लपवून खात नाही. मुलांना ते पटकन समजले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो मुलगा भिंतीकडे वळून बसला नाही. मोठ्या माणसांना समजावयास मात्र फार वर्षे लागली.

कायद्याचीच हकीकत घ्या. चोरून दारू गाळली जाऊ नये, म्हणून मुंबई इलाख्यात १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा करण्यात आला. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. त्यातही मोहफुले साठविण्यावर व नेण्या-आणण्यावर बंधने होती. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि मागाहून तो कायदा इकडेही लागू झाला. म्हणजे ज्या घरी मोहाचे लाडू होत, त्या घराला आपल्या कणगीकडे भीतभीत पाहण्याची पाळी आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर रानात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला, आणि धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तरी मोहफुलावरचे बंधन राहिलेच होते. अखेर २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, बाळगणे व वाहून नेणे यांवरील निर्बंध दूर केले.

याचा अर्थ मोहाच्या दारूने काही बिघडले नाही, असा मात्र कोणी करू नये. तिने संसार मोडले आहेत. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली, ती लोकांच्या, विशेषतः बायाबापड्यांच्या आग्रहाने. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. त्या दोन्ही निर्णयांवर आमच्याकडे अजूनही कडाक्याचा वाद होतो. परंतु ज्या बायांनी भट्ट्या फोडल्या, त्यांतील कित्येकींच्या घरी मोहफुलांची टोपली होतीच. भट्टी आणि टोपली यांतला फरक त्यांना उत्तम कळत होता. तो कळला नाही, तो आम्हां शिकलेल्या शहरवासीयांना.

आता निवाडा सांगतो. या सर्व खाऊंची पंगत पाहिली, म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. ज्या खाऊचा बोभाटा सर्वांत मोठा, त्याचा अपराध सर्वांत मोठा होता, असे नाही. सॅकरिनची निंदा झाली, ते सुटले. मोहाला घराबाहेर उभे केले, तो तर अन्न निघाला. गोड सिगारेटवर वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते. पण जिच्यावर अवाक्षरही निघाले नाही, ती सुपारी सर्वांत मोठी गुन्हेगार ठरली. असे का व्हावे? माझे उत्तर असे आहे, की वाद करताना आपण पदार्थाकडे पाहतच नाही. तो कोणाच्या हातून येतो, इकडे पाहतो. फेरीवाल्याच्या हातचा गोळा आपणांस संशयास्पद, रानातल्या माणसाच्या हातचे फूल हलके, आणि आपल्याच घरच्या डब्यातली सुपारी पवित्र!

म्हणून मुलाच्या हातावर खाऊ ठेवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. पहिला असा, की यात जे घातले आहे, ते खाण्यासाठीच केलेले आहे काय? दुसरा अधिक महत्त्वाचा : हा खाऊ संपल्यावर मुलाजवळ काय उरेल? रेवडी संपली, की काहीच उरत नाही. फार तर आणखी एक मागण्याचा हट्ट. साखरेचे घड्याळ संपले, की चिकट मनगट उरते, ते पाण्याने धुता येते. गोड सिगारेट संपली, की बोटांत एक ऐट उरते. गोड सुपारी संपली, की तोंडात एक तलफ उरते. हे पाण्याने धुतले जात नाही.

जुन्या खाऊची आठवण काढू नये, असे माझे म्हणणे नाही. मलाही महाकालीच्या यात्रेतले ते साखरेचे घड्याळ आठवते आणि बरे वाटते. परंतु आठवण हा आपला खाऊ आहे; नातवंडांचा नव्हे. त्यांना द्यावयाचा तो आजच्या ज्ञानाने पारखून द्यावा. गोळा द्या, पण पिण्याच्या पाण्याच्या बर्फाचा आणि कोकम-लिंबाच्या सरबताचा. रेवड्या, चिक्की, गोडीशेव खुशाल द्या, मात्र दात घासण्याची आठवणही द्या. आणि कधी चैत्रात आमच्याकडे येणे झाले, तर एखाद्या बचतगटाच्या बाईकडून मोहाचे लाडू विकत घ्या. मुलांसमोर घ्या, आणि हे कोणत्या फुलाचे आहेत, तेही त्यांना मोठ्याने सांगा.